द्विध्रुवी विकार आणि बदलते उपचारकर्ते

द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे टप्पे येत राहणाऱ्या मनोविकारात, रुग्ण बहुधा नैराश्यातच मदत मागतो, कारण उन्मादात त्याची स्वतःची कसलीच तक्रार नसते. साहजिकच पहिले निदान निव्वळ नैराश्याचे होते आणि केवळ नैराश्यरोधक औषधाने काहींचा उन्माद उफाळतो.

पुढे मनोविकारतज्ज्ञ औषधे ठरवतो, तर मानसोपचार करणाऱ्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला औषध लिहून देता येत नाही, आणि ही विभागणी कुटुंबाला क्वचितच कोणी समजावते. येरवडा, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दर खेपेस तोच डॉक्टर भेटेलच असे नाही. खासगी दवाखान्यात सातत्य मिळते, पण खर्चाचा भार पडतो.

उपचारकर्ता बदलताना खरी कसोटी लिथियमची असते. जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर उपयुक्त ठरवलेल्या या क्षाराची गुणकारी आणि विषारी मात्रा जवळजवळ असल्याने, शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी रक्तातील पातळी तपासावी लागते, शिवाय थायरॉईड आणि मूत्रपिंडांवरही लक्ष ठेवावे लागते. जुने अहवाल हाती नसलेला नवा डॉक्टर, कितीही निष्णात असला तरी, अंदाजानेच चालतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 25 नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे, तर कलम 5 नुसार आजारपणात कोणते उपचार हवेत वा नकोत, हे त्याला आधीच लिहून ठेवता येते, मात्र ही तरतूद फारच थोडे जण वापरतात.