दगडातला समुद्र

शीव म्हणजे वेस. मुंबईचे बेट इथे संपायचे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. ती वेस राखण्यासाठी इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला. खाली खाडी, मिठागरे, तिवरांची दाटी. १८५३ साली पहिली आगगाडी याच वाटेने ठाण्याला गेली आणि तिचे दुसरे टोक होते बोरीबंदर. आम्हा शीवकरांचा त्या टोकाशी संबंध रोजचा. पण तिथल्या भिंतींवरची जनावरे किती जणांनी मान वर करून पाहिली असतील?

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. मोर, घुबड, माकड, साप, मुंगूस आणि पानाफुलांच्या वेली! या कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली. श्रेय पुष्कळदा रुडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग यांना दिले जाते. पण ते १८७५ सालीच लाहोरला गेले होते.

किनाऱ्याचा खरा अंश मात्र या आकृतींपेक्षा दगडात आहे. मुंबईचा काळा पाषाण कठीण. नाजूक नक्षीसाठी पोरबंदरी दगड आणला जाई. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सूक्ष्म समुद्रजीवांच्या कवचांची वाळू वाऱ्याने साचून, चुन्याने सांधली जाऊन तो तयार झाला. म्हणजे मोराचा पिसारा मुळात शिंपल्यांचाच चुरा!

तो मऊ, म्हणून छिन्नीला वश. आणि म्हणूनच नाशाला लवकर बळी पडणारा. धुरातले गंधक पावसात मिसळले की चुनखडीचे जिप्सम होते, त्यावर काळी खपली धरते आणि ती नक्षीसकट गळते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ छिद्रांत शिरून स्फटिक होते व दगड आतून फुटतो. अशा भिंतीवर घाईने आम्लाचा हात फिरवणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

२००४ साली युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारशात घेतली, हे चांगलेच झाले. पण मानपत्राने दगड टिकत नाही. शीवजवळच्या जुन्या कचराभूमीवर १९९४ साली निसर्ग उद्यान खुले झाले. जागा दिली तेव्हा झाडे-पाखरे परत आली. झिजलेली चोच मात्र पुन्हा उगवत नाही. तिच्यासाठी दगड ओळखणारे कारागीर हवेत, त्यांना पुरेसा वेळ हवा, आणि त्यासाठी हट्ट धरणारे आपण मुंबईकरही हवेत.