कोल्हापूर खावं ते पायी

देशात कुठेही गेलात तरी हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी हमखास सापडते. कोल्हापुरातल्या घरांशी तिचा फारसा संबंध नाही, पण तिनं या शहराच्या कपाळी तिखटाचा शिक्का मारला तो मारलाच. तोच शिक्का मनात धरून येणारा पाहुणा सकाळी अंबाबाईचं दर्शन उरकतो, दुपारी एखाद्या नावाजलेल्या हॉटेलात तांबडा-पांढरा ओरपतो, संध्याकाळी गाडी पन्हाळ्याकडे वळवतो आणि घरी जाऊन सांगतो, काय जाळ होता राव! खरं तर या शहराचं खाणं मुळात खुराकाचं आहे आणि तिखटाची जागा त्यात मसाल्याएवढीच. एका ताटावरून मात्र हे पटायचं नाही. त्यासाठी एक शनिवार-रविवार हाताशी हवा, गाडी मुक्कामाच्या जागी लावून विसरायला हवी आणि जुन्या पेठांतून चालायला हवं.

चालायचं ते हौसेखातर नव्हे. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांजवळच आहेत. तिथून अंबाबाईचं देऊळ साधारण अर्ध्या तासाची चाल. देवळाला खेटून भवानी मंडप, आणि तिथून बिंदू चौक, खासबाग, पापाची तिकटी, कपिलतीर्थ मंडई, गंगावेश ही सगळी ठिकाणं रमतगमत गेलं तरी पाव तासाच्या आत येतात. रंकाळा थोडा पुढे. जुन्या वेशी गेल्या, पण गंगावेश, रंकाळावेश ही नावं लोकांच्या तोंडात राहिली, आणि त्या नावांच्या आतलं शहर आजही माणसाच्या पावलांच्या मापाचं आहे. या मापात तीन गरजा एकमेकींना चिकटून वाढल्या: देवळाला येणाऱ्या यात्रेकरूचं पोट, तालमीतल्या पैलवानाचा खुराक आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या माणसाची न्याहारी. गाडीतून फिरणाऱ्याला यातली एखादीच दिसते. चालणाऱ्याला या तिन्ही एकाच गल्लीत, एकाच सकाळी भेटतात, आणि एकीचा पदार्थ दुसरीत कसा शिरला हेही उमगतं.

सुरुवात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापासून करावी. इथे गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. धार थेट ग्लासात पडते, वर बोटभर फेस चढतो आणि कोमट असतानाच ग्लास रिकामा होतो. न उकळलेलं दूध पिणं आजच्या आरोग्याच्या सल्ल्यात बसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. ज्याचं पोट नाजूक त्यानं नुसतं पाहावं, त्यात कमीपणा काही नाही. पण कट्टा पाहिल्याशिवाय पुढचं काही नीट लागत नाही. कारण हे दूध ज्यांच्यासाठी आधी विकलं गेलं त्या तालमी याच पेठांत आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, गावोगावची पोरं मल्ल व्हायला कोल्हापुरात येऊन राहिली. जोर-बैठका मारणाऱ्या पोराला लागतं ते दूध, तूप, कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई आणि मटण. शहरानं ही यादी पैलवानांकडून उचलली आणि स्वतःची करून टाकली. आता तालमीत उतरणारी पोरं पूर्वीइतकी नाहीत हे कुणीही सांगेल; तेव्हा खुराकाची गोष्ट ही निव्वळ स्मरणरंजन नाही का, असं विचारता येईल. पण कट्ट्यावर ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसांत लंगोट बांधणारे किती, हे पाहिलं की उत्तर मिळतं. सवय ज्यांच्यापासून सुरू झाली त्यांच्यावाचून ती चालू आहे.

आता मटण. तांबडा आणि पांढरा हे दोन वेगळे रस्से म्हणून ताटात येतात, पण त्यांचं मूळ एकाच पातेल्यात असतं. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावलेलं मटण भरपूर पाण्यात शिजवायचं. मग वरचं पाणी काढून घ्यायचं. हे अळणी पाणी म्हणजे कोल्हापुरी स्वयंपाकाचा कणा. घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल तर आधी त्याला वाटीभर अळणी मिळतं. उरलेल्याचे दोन भाग. एकात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं किंवा काजूचं वाटण आणि खडा मसाला पडतो, तो पांढरा. दुसऱ्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि कांदा-लसणाची चटणी पडते, तो तांबडा. पांढरा रस्सा वाटीनं पितात, आणि तो तिखट नसतो. ज्या शहराच्या पहिल्या नंबरच्या जेवणात निम्मा मान एका सौम्य, दुधाळ रश्शाला आहे, त्याला तिखटाचं शहर म्हणणं म्हणजे अर्धंच ताट पाहून उठणं. तांबडाही चांगला जमला असेल तर त्याचा रंग जिभेपेक्षा डोळ्यांना जास्त घाबरवतो. रंग ब्याडगी मिरचीचा, झणका संकेश्वरीचा. या दोघींचं प्रमाण घराघरांत बदलतं, आणि उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटायला रांगेत बसलेल्या बायका एकमेकींच्या पाटीत डोकावून ते मनातल्या मनात मोजत असतात. ही वर्षाची चटणी आमटीत पडते, मटणात पडते, तेल घालून भाकरीबरोबरही खाल्ली जाते. मार्च ते मे या दिवसांत पेठांतून चाललात तर डंकाची गिरणी शोधावी लागत नाही. पत्ता नाकच सांगतं आणि मग शिंकाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोल्हापूरचं खरं मटण घरी शिजतं. हॉटेलातली थाळी हा पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा. मग दोन दिवस पायपीट करून बाहेरच्या माणसाच्या हाती लागणार काय? आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा कोल्हापुरात आंदोलन पेटलं आणि मटणाची दुकानं बंद राहिली. लोक रस्त्यावर आले ते किलोच्या दरासाठी, म्हणजे घरच्या पातेल्यासाठी. थाळीच्या दरासाठी कुणी घोषणा देत नाही. पण म्हणूनच चालणं कामाचं. रविवारी सकाळी पेठेतल्या मटणाच्या दुकानासमोर उभं राहावं. कुठला भाग हवा, चरबी किती, नळी घालायची की नाही, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची जी घासाघीस चालते ती ऐकली की दुपारच्या थाळीत काय शोधायचं ते कळतं. मग थाळी छोट्या खानावळीत घ्यावी, जिथे रश्शाची वाटी पुन्हा भरताना वाढपी विचारत नाही. झगमगीत हॉटेलात बसून तिखटाची पैज लावणाऱ्यांशी वाद नाही, पण त्यांनी जेवून काय मिळवलं हे त्यांनाच ठाऊक.

मिसळीचा मुद्दा वेगळा. तिची नावाजलेली ठिकाणं जुन्या पेठांत नाहीत असं कुणी म्हणेल, आणि फडतरेंची मिसळ उद्यमनगरात, बावडा मिसळ कसबा बावड्यात हे खरंच आहे. बावडा पायी जायला लांब पडतो. तिथे रिक्षा करावी, उगाच तत्त्वाला चिकटून राहू नये. उद्यमनगरला मात्र चालतच जावं. फौंड्र्या, लेथ मशीन, सुट्या भागांची दुकानं यांच्यामधून गेल्याशिवाय ही मिसळ तिथे का, हे कळत नाही. पहिल्या पाळीच्या कामगाराला सकाळी पोटाला आधार होईल असं, झटपट आणि स्वस्त हवं असतं. मोड आलेली मटकी, वर फरसाण, कांदा, त्यावर कट आणि सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. स्लाइस कट चटकन शोषते आणि पोट भरते. इथेही पुन्हा तेच: तर्रीच्या खाली खुराक आहे. दुपार कलली की चांगली मिसळ संपते, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी तक्रार करू नये.

पायी फिरण्याजोगं शहर, असं म्हटल्यावर कोल्हापूरकर स्वतःच हसेल. महाद्वार रोडवर सुट्टीच्या दिवशी खांद्याला खांदा घासतो, फुटपाथ असलाच तर त्यावर विक्रेते असतात, आणि दुचाकीस्वार माणसातून वाट काढण्यात वाकबगार. हे सगळं कबूल. पण चालण्याजोगं शहर म्हणजे गुळगुळीत पदपथांचं शहर, हा नियोजनकारांचा अर्थ झाला. खाणाऱ्याच्या लेखी महत्त्वाचं हे, की एका खाण्यापासून दुसऱ्या खाण्यापर्यंतचं अंतर पुन्हा भूक लागण्याइतकं असावं आणि दमण्याइतकं नसावं. खासबागेत राजाभाऊंच्या भेळेपासून निघून रंकाळ्याच्या काठापर्यंत गेलं की हे अंतर बरोबर जुळतं. शिवाय या रस्त्यांवर खाण्यानं एकदा मोठं काम केलेलं आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि येता-जाता स्वतः तिथे थांबून चहा घेतला. राजा चहा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांनाही प्यावा लागला. हुकूम काढून जे साधायला वेळ लागला असता ते भर रस्त्यावरच्या कपानं सुरू केलं. बंद वाड्यातल्या पंक्तीत ते झालं नसतं. कोल्हापुरातलं रस्त्यावरचं खाणं एवढं उघड, एवढं सर्वांसमोर का, याचा विचार करताना ही घटना बाजूला ठेवता येत नाही.

राहिला शाकाहाऱ्यांचा प्रश्न. त्यांनी हिरमुसायचं कारण नाही, उलट शनिवार त्यांचाच. बऱ्याच घरांत त्या दिवशी मटण शिजत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले मटणाचे वार. शनिवारी मिसळ, कपिलतीर्थ मंडईतला फेरफटका, संध्याकाळी भेळ, रात्री आइस्क्रीम, असा दिवस सहज भरतो, आणि हंगाम असेल तर गुळाची ढेप घेता येते. हा हंगाम दिवाळीनंतर उसाची तोडणी सुरू झाली की लागतो. श्रावणात आणि नवरात्रात मटणाच्या आशेनं येऊ नये. त्या दिवसांत घरोघरी पाळणूक असते आणि नवरात्रात देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते. थंडीतला एखादा साधा शनिवार-रविवार धरावा, पन्हाळा पुढच्या खेपेला ठेवावा आणि परतीची गाडी रविवारी रात्रीची काढावी. दुपारच्या जेवणानंतर लगेच निघालं तर संध्याकाळचा दूध कट्टा हुकतो.