बांधावरची लाल मुंगी

मृगाचा पाऊस पडून गेला की कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या रानांत पेरणीची लगबग सुरू होते. त्याच सुमारास बांधाच्या कडेला, गवताच्या ठोंबाशी, पाटाच्या काठावर भुसभुशीत मातीचे लहान लहान ढिगारे दिसू लागतात. खुरपणी करणाऱ्या स्त्रीचा अनवाणी पाय अशा ढिगाऱ्यावर पडला की क्षणार्धात शेकडो लाल मुंग्या पायावर चढतात आणि अंगाची आग आग होते. हा नित्याचा त्रास कमी करावयाचा असेल, तर मुंगीपेक्षा तिच्या घराची ओळख अधिक महत्त्वाची आहे.

ओळख

प्रत्येक लाल मुंगी ही अशी दाहक मुंगी नसते. भारतात सर्वत्र पसरलेल्या दाहक मुंगीचे शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा असे आहे. तिचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश होय. सोळाव्या शतकापासून व्यापारी जहाजांतील मातीबरोबर ती जगभर गेली, असे संशोधकांचे मत आहे. बिंगहॅम यांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांविषयीच्या ग्रंथातही तिचा उल्लेख आढळतो. एकाच घरात लहान-मोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असणे आणि त्यांतील मोठ्यांचे डोके शरीराच्या मानाने बरेच मोठे व चौकोनी असणे, ही तिची ठळक खूण आहे.

घराची रचना

ही मुंगी सावलीपेक्षा मोकळी, उन्हाची जागा पसंत करते. नांगरटीत मोडत नाही आणि पाण्यात बुडत नाही अशी जमीन तिला हवी असते. म्हणूनच सिद्धेश्वर व इसापूर धरणांच्या कालव्यांखालील ओलिताच्या शेतांत बांध, पाटाचे काठ आणि पायवाटा या तिला सोयीच्या जागा ठरतात. वर दिसणारा ढिगारा हा घराचा केवळ माथा असतो. त्याखाली अनेक बोगदे व दालने असतात. काहींत अंडी व अळ्या, तर काहींत गोळा केलेले बी साठविलेले असते. सकाळी ऊन चढू लागले की कामकरी मुंग्या पिलांना उबेसाठी वरच्या दालनांत आणतात आणि उष्मा वाढला की खाली नेतात. शेतात पाणी सोडल्यास पिलांना तोंडात धरून त्या उंच जागी स्थलांतर करतात. पाणी देताना बांधावर मुंग्या अधिक दिसतात, त्याचे कारण हेच.

वसाहतीचा आरंभ

पावसाच्या सरींनंतर पंख असलेले नर व माद्या हवेत उडतात. मीलनानंतर नर मरतात. मादी जमिनीवर उतरून पंख गाळते, लहानसे बीळ खणून स्वतःस कोंडून घेते आणि अंडी घालते. पहिली पिढी वाढेपर्यंत ती काहीही खात नाही. उडण्याच्या स्नायूंतील साठा वापरून ती अळ्यांना पोसते. पुढे घर नांदते ते राणीमुळे. राणी जिवंत असेपर्यंत वरच्या मुंग्या कितीही मारल्या तरी घर पुन्हा भरते.

अन्न आणि पिके

मोठ्या डोक्याच्या मुंग्या आपल्या बळकट जबड्यांनी बी फोडतात. ज्वारी, मका व भाजीपाल्याचे उघडे राहिलेले बी त्या वाहून नेतात. मावा व पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड द्रवासाठी त्या या किडींचे रक्षण करतात. हवाई बेटांतील उसाच्या शेतांत ठिबक सिंचनाच्या नळ्यांना त्यांनी भोके पाडल्याची नोंद आहे. हळदीसाठी ठिबक वापरणाऱ्या वसमत भागातील शेतकऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तथापि, ही मुंगी निव्वळ शत्रू नव्हे. किडींची अंडी व अळ्या ती मोठ्या प्रमाणात खाते. त्यामुळे वावरापासून दूर, रहदारी नसलेल्या जागेतील घर मोडण्याचे कारण नाही.

दंश व उपचार

मुंगी प्रथम जबड्याने कातडी पकडते आणि मग पोट वाकवून नांगी एकापेक्षा अधिक वेळा टोचते. म्हणून पाय नुसता झटकून भागत नाही. हाताने किंवा फडक्याने मुंग्या त्वरेने पुसून काढाव्यात, जागा साबणाने धुवावी व थंड पाण्याची पट्टी ठेवावी. फोड आल्यास फोडू नये. चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. विषातील प्रथिनांची वावडी असलेल्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते.

बंदोबस्त

घरावर कीटकनाशक किंवा रॉकेल ओतण्याने वरवरच्या मुंग्या मरतात, राणी वाचते आणि माती व विहिरीचे पाणी मात्र दूषित होते. प्रौढ मुंगीस घन अन्न गिळता येत नाही. ते अळ्यांना भरवले जाते व त्यांच्याकडून पातळ होऊन साऱ्या घरात, राणीपर्यंत पोहोचते. मंद विषाचे आमिष परिणामकारक ठरते ते यामुळेच. कोणते आमिष वापरावे, याविषयी तोंडापूरचे कृषि विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषि अधिकारी यांचा सल्ला घ्यावा. घराजवळच्या एखाद्या ढिगाऱ्यावर सकाळच्या उन्हात, पिले वर आलेली असताना, उकळते पाणी जपून ओतावे व गरज पडल्यास पुन्हा ओतावे. बी योग्य खोलीवर पेरून मातीने नीट झाकावे.

कामास आरंभ करण्यापूर्वी बांधावरून एक फेरी मारून ढिगारे हेरावेत, त्यांशेजारी काठी रोवून खूण करावी आणि मजुरांना पायात बूट घालण्यास सांगावे. एवढी दक्षता घेतली तर खुरपणीच्या दिवसांतील पुष्कळसा त्रास टळेल आणि उपयोगी पडणारी मुंगीही आपल्या जागी राहील.