अंगावरचे वस्त्र आणि हृदयाची नोंद

हृदयाचे ठोके वा श्वासाची गती टिपणारे वस्त्र म्हणजे नेहमीच्या सदऱ्यात कोठेतरी दडवलेले एक लहानसे यंत्र, अशी जी समजूत सर्वत्र आढळते, ती प्रथम दुरुस्त करावयास हवी. कारण या वस्त्रांत संवेदनाचे काम पुष्कळदा धागाच करीत असतो. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या सुताचा पट्टा छातीशी घट्ट भिडला की तोच विद्युदग्र होतो. छातीभोवती नागमोडी बसवलेल्या तारेने वेढलेले क्षेत्र श्वासागणिक कमीअधिक झाले की तिच्या विद्युत्‌गुणांत पडणाऱ्या फरकावरून श्वास मोजता येतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी कापडावर विद्युत्‌मंडल रचले, तेव्हा त्यांनी निवडलेल्या रेशमी ऑर्गंझाच्या तंतूंभोवती तांब्याची पातळ पत्री गुंडाळलेली होती, आणि अशा तऱ्हेचे कापड भारतातील विणकर त्यापूर्वी कितीतरी काळ विणीत आले होते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

अशा वस्त्रातून शरीरात वीज सोडली जाते, ही धास्तीही हृदयाच्या आलेखापुरती निराधार आहे. वीज हृदय स्वतःच निर्माण करते. त्वचेवर तिचा दाब सुमारे १ मिलिव्होल्ट एवढाच उरतो आणि पट्टा तो केवळ टिपतो. मात्र पट्टा सैल असला, त्वचा कोरडी असली किंवा माणूस धावत असला, तर एवढा क्षीण संकेत हालचालीच्या गोंगाटात हरवतो.

सर्वांत घातक गैरसमज हा की, असे साधन हृदयविकाराचा झटका ओळखते. रुग्णालयातील आलेख हृदयाचे १२ बाजूंनी अवलोकन करतो. दोन विद्युदग्रांच्या पट्ट्याला एकच बाजू दिसते, त्यामुळे लय बिघडल्याचा दाखला तो देऊ शकेल, पण हृदयाच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा तुटला याचा निवाडा त्याच्या आवाक्यातला नाही. लयीच्या बाबतीतही मर्यादा आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मनगटी घड्याळाच्या पाहणीत ४,१९,२९७ सहभागींपैकी ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यांपैकी ज्या ४५० जणांची पुढे छातीवरील चिकटपट्टीने रीतसर तपासणी झाली, त्यांतील ३४ टक्क्यांत अलिंदाच्या कंपनाचा विकार आढळला. उरलेल्यांना मिळालेला इशारा खोटाच होता असे नव्हे, कारण हा विकार येतो आणि जातो. म्हणून छातीत कळ येत असताना अंगावरचा सदरा स्वस्थ आहे एवढ्यावरून कोणी घरी थांबू नये.

साखरेविषयी तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट जाहीर केले की, त्वचा न टोचता रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्याने मंजुरी दिलेली नाही. सतत साखर मोजणाऱ्या ज्या संवेदकांना मंजुरी आहे, त्यांचा बारीक तंतू त्वचेखालील द्रवात प्रत्यक्ष बसवावा लागतो. बिनमंजुरीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा वाढवली, तर साखर एकाएकी उतरून तो रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.