सरळ केलेले केस घरच्या घरी कसे सांभाळाल?

१४ एप्रिल जवळ आला, लग्नसराई लागली की लोणावळा-कामशेतच्या पार्लरमध्ये आपल्या मुलींची गर्दी होते. स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन अशी नावं वेगवेगळी, पण काम एकच, कुरळे केस सरळ करायचे. केसांच्या लांबीवर तीन-चार हजारांपासून पुढे कितीही पैसे जातात. दोन-तीन महिने केस चमकतात. मग मुळाकडून पुन्हा आपले मूळचे केस वर यायला लागतात, टोकं झाडूसारखी होतात, केस मधूनच तुटतात. पार्लरमध्ये सांगतात, पुन्हा करून घ्या, नाहीतर घरी इस्त्रीचं मशीन ठेवा. काही मुली तर कपड्यांच्या इस्त्रीखाली केस धरतात. डोळ्याजवळ, कानाजवळ भाजण्याचा तो सरळ रस्ता आहे. तो प्रकार आजच बंद करा.

केस सरळ करावेत की नाही, याचं भाषण मी देणार नाही. केस तुमचे, कमाई तुमची. ज्यांनी आधीच केलेत त्यांनी पुढे मशीन, ड्रायर आणि पार्लर यांशिवाय केस कसे नीट ठेवायचे, यासाठी हा लेख आहे. मात्र नव्याने करायला निघालेल्या मुलींनी शेवटाकडचा भाग आधी वाचावा.

आधी केसात काय घडतं ते समजून घेऊ. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात असं समजा. एक कच्चा टाका. तो पाण्याने सुटतो आणि केस वाळले की परत बसतो. दुसरा पक्का टाका, गंधकाचा. तो पाण्याने सुटत नाही. केस कुरळे की सरळ, हे मुख्यतः या पक्क्या टाक्यांच्या रचनेवर ठरतं. रिबाँडिंगच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे रसायन पक्के टाके उसवतं, मग गरम मशीनने केस ओढून सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून टाके पुन्हा घालतात. उसवलेलं कापड परत शिवलं तरी मूळची मजबुती येत नाही. सगळे टाके परत बसत नाहीत आणि केसांचं वरचं खवल्यांचं आवरणही उचकटतं. म्हणून असे केस पाणी पटकन पितात, ओले असताना रबरासारखे ताणतात आणि तुटतात.

त्यावर मशीन फिरवलं तर काय होईल? चहाचं पाणी १०० अंशाला उकळतं, केसांचं मशीन २०० अंशांच्या आसपास तापतं.

आपल्या कामाचा आहे तो कच्चा टाका. केस ओलसर असताना ज्या आकारात ठेवाल आणि पूर्ण वाळेपर्यंत तसेच राहू द्याल, तो आकार केस धरतात. उष्णतेची गरज नाही, वेळेची आहे. घरच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीवर चालतात.

सुरुवात धुण्यापासून. धुण्याआधी दोन तास खोबरेल तेल लावा, मुळांपेक्षा लांबीला आणि टोकांना जास्त. हा आजीबाईचा समज नाही. मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली तपासून प्रसिद्ध केलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. ही कंपनी खोबरेलच विकते हे लक्षात ठेवूनच मी हे सांगते, तरीही त्यात तथ्य आहे. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण केसांना लावू नका. तो अल्कलीयुक्त असतो, त्याने खवले आणखी उघडतात. शाम्पू मगभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावा, लांबीवरून जो फेस वाहतो तेवढा पुरे. मग कंडिशनर लांबीला, टाळूला नाही. छोटी पुडी मिळते, तीही चालते.

टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा जुना टीशर्ट घ्या आणि केस त्यात दाबून पाणी टिपा. विंचरताना मोठ्या दातांचा कंगवा घ्या, आधी टोकं सोडवा, मग मधला भाग, शेवटी मुळं. आपण बहुतेकजणी वरून खाली कंगवा ओढतो आणि गुंता खाली नेऊन तोडतो. बारीक फणी उवांसाठी ठेवा.

आता केस ठिबकत नाहीत पण ओलसर आहेत, असं झालं की बसवायला घ्या.

सरळच हवे असतील तर डोक्याभोवती गुंडाळणं ही सगळ्यात चांगली रीत. अमेरिकेतल्या काळ्या बायका कितीतरी वर्षं हे करत आल्या आहेत. केस एका बाजूने विंचरत डोक्याला चिकटून गोल फिरवत न्यायचे, फेटा गुंडाळतात तसे. जागोजागी काळ्या पिना लावायच्या आणि वर गुळगुळीत ओढणी बांधायची. अर्धे वाळले की सोडून उलट दिशेने गुंडाळा, नाहीतर सगळे केस एकीकडे वळतात. सकाळी सोडले की केस सपाट येतात आणि मुळाकडचे नवे कुरळे केसही बरेच बसतात. पहिल्या दोन-तीन वेळा हात बसत नाही, बहिणीची मदत घ्या.

लाटांसारखे केस हवे असतील तर चार ते सहा सैल वेण्या घालून झोपा. मुळाकडे तीन-चार बोटं कुरळे आणि खाली सरळ अशी स्थिती असेल तर कपाळापासूनच केस घेत घेत सागरवेणी घाला, म्हणजे वरचा-खालचा फरक झाकला जातो. माझ्या मते या मधल्या काळात सागरवेणीसारखं दुसरं काही नाही. कामावर जाताना तशीच राहू द्या आणि संध्याकाळी कार्यक्रमाला सोडा.

गोल वळणं हवी असतील तर जुन्या सुती साडीच्या वीतभर चिंध्या फाडा. एकेक बट टोकाकडून चिंधीवर गुंडाळत वर न्या आणि चिंधीला गाठ मारा. केस आखूड असतील तर जुने पायमोजे चालतात. सोडायची घाई करू नका. आत ओल राहिली तर अर्ध्या तासात सगळं उतरतं.

वळण टिकायला बाजारची जेल लागत नाही. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाटलं की गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळा. चिमूटभर तळहातावर चोळून केसांवर फिरवा. फ्रिज नसेल तर दुसऱ्या दिवशी टाकून द्या. कोरफडीचा गर चालतो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून खाज येते का ते बघा. लिंबू आणि खाण्याचा सोडा मात्र या केसांना नको.

आता आपल्या मावळचा पाऊस. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भाजे गावात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा वाळत नाहीत, तिथे केस कुठून वाळणार? हवेतला ओलावा कच्चा टाका दिवसभर सोडत राहतो, म्हणून रात्री बसवलेले केस लेणीच्या पायऱ्या चढेपर्यंत फुगतात. या चार महिन्यांत मोकळ्या सरळ केसांचा हट्ट सोडा. सैल अंबाडा, दोन वेण्या, सागरवेणी. लेणी-लोहगडाच्या वाटेवर भजी-कणसांच्या गाड्यावर उभं राहणाऱ्यांना तर हेच सोयीचं. ओले केस घट्ट बांधून वर स्कार्फ घालू नका, त्याने टाळूला बुरशी, कोंडा, खाज होते. पाऊसकाळात धुणं आठवड्यातून एकदाच ठेवा, रात्री नको, दुपारी पंख्याखाली. चुलीपुढे बसून केस वाळवणं म्हणजे मशीनचीच उष्णता, वर धूर.

हंडा किंवा मोळी वाहत असाल तर चुंबळ रोज त्याच भांगावर बसते आणि तिथले केस तुटतात. खाली गुळगुळीत कापड घ्या आणि भांग बदलत राहा. घट्ट पोनीने कपाळाकडचे केस मागे हटतात. लवकर थांबवलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढले तर येत नाहीत. उशीला जुन्या साटनच्या परकराचं कापड घाला, सुती अभ्र्यापेक्षा घासणं कमी होतं.

आता नव्याने करायला निघालेल्यांसाठी. केराटिनच्या नावाने जे लावतात, त्यातल्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आम्ही नर्स त्याचा वास चांगला ओळखतो, कारण काढलेला अवयव तपासणीला पाठवताना फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था त्याला माणसात कर्करोग करणारं रसायन म्हणते. गिऱ्हाईक वर्षातून एकदा-दोनदा ते हुंगतं, पार्लरमध्ये कामाला असलेली आपली मुलगी रोज हुंगते. डोळे चुरचुरले, घसा धरला तर खिडकी उघडायला सांगणं तिचा हक्क आहे.

‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. ट्युनिशियातल्या पार्लरमध्ये तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. उंदरांवर तीच क्रीम लावून पाहिली तेव्हा मूत्रपिंडात ऑक्सलेटचे खडे सापडले. केस सरळ केल्यावर एक-दोन दिवसांत उलटी, कंबर किंवा पोट दुखणं, लघवी कमी होणं, असं काही झालं तर पित्त म्हणून गोळी घेऊन बसू नका. कार्ल्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि केसांना काय लावलं ते डॉक्टरांना आपणहून सांगा, जमल्यास डब्याचा फोटो दाखवा. विचारल्याशिवाय हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

अमेरिकेत ३३,००० हून जास्त स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के धरलं, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. याने कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. एकदा केलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण दर तीन महिन्यांनी करू नका. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, टाळूला जखम असताना आणि शाळकरी मुलींनी करूच नये. मेंदी किंवा कलप लावलेल्या केसांवर तर आधी चार केसांवर तपासून घ्या.

एक मनातलं सांगते. भाजे लेणी जुनी, तिथे बुद्धाची कोरीव मूर्ती नाही. पण आपल्या विहारातली मूर्ती नीट बघा, डोक्यावर लहान लहान कुरळ्या वेटोळ्यांची रांग आहे. त्या मूर्तीपुढे बसणाऱ्या मुलीला शाळेत ‘मॅगी’ म्हणून चिडवतात आणि घरचेही हसतात. निदान घरच्यांनी तरी हसू नये.

मूळचे केस परत हवे असतील तर कापून टाकायची घाई नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, वर्षाला चार-पाच इंच. नवा आणि जुना केस जिथे भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक, तिथे रबर बांधू नका, पिन लावू नका. दर दोन महिन्यांनी खालून अर्धा इंच कापत गेलात तर दीड-दोन वर्षांत खांद्यापर्यंतचे केस पूर्ण आपले होतात. कात्री शिवणाची धारदार घ्या. बोथट कात्रीने टोकं पुन्हा फाटतात.