पत्र्याच्या पेटीला खिडकी

उरण-पनवेल भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरांच्या थप्प्या दिसतात. न्हावा शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि या पेट्या आपल्या ओळखीच्या झाल्या. समुद्रावर दहा-पंधरा वर्षे काढली, की पेटी बऱ्याचदा जमिनीवर उतरते. कुणी तिचे गोदाम करतात, कुणी बांधकामावरचे ऑफिस, तर कुणी चक्क घर. अशाच एका वीस फुटी कंटेनरचे घर होत असताना आम्ही दिवसभर तेथे थांबलो. त्या दिवशीची कामे तीनच: खिडकी पाडणे, छताला आतून अस्तर लावणे आणि वायरिंग. पण शाळेत आपण शिकवतो त्यातले बरेचसे भौतिकशास्त्र तेवढ्यात येऊन गेले.

कंटेनरच्या दारावर धातूची एक पाटी असते. तिच्यावर, या पेटीवर किती वजन रचता येईल, तो आकडा असतो: साधारणतः १,९२,००० किलोग्रॅम. जहाजाच्या हेलकाव्यांमुळे वजन १.८ पट भासेल असे धरूनसुद्धा! मग एवढ्या भक्कम पेटीला एक खिडकी पाडली तर काय बिघडणार?

उत्तर पेटीच्या रचनेत आहे. ते १९२ टन पेलतात चार कोपऱ्यांचे चार खांब. मधला पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तो सपाट नसून नागमोडी का, हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन पुस्तकांवर एक कोरा कागद आडवा ठेवा. पेन्सिल ठेवताच तो खचेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा. आता तो पेन्सिल सहज पेलेल. जाडी तीच, पण वाकायला विरोध कितीतरी वाढला.

भिंतीचे दुसरेही एक काम असते. पेटी फक्त चार कोपऱ्यांवर टेकलेली असते, तेव्हा आतल्या मालाचे वजन कोपऱ्यांपर्यंत पोचवणारी उंच तुळई म्हणजे ही लांब भिंतच. बुटांचे रिकामे खोके दोन विटांवर टेकवा आणि आत वजन ठेवा. आता एक लांब बाजू पूर्ण कापून टाका. तळाची ती कडा लगेच झुकेल. दुसऱ्या खोक्याला लहानशी खिडकी पाडून भोवती पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. फारसे काही होणार नाही. यार्डात नेमके हेच चालले होते. सुमारे चार फूट रुंदीचे भोक आणि त्याभोवती चौकोनी पाइपची वेल्डिंग केलेली चौकट. हॉल मोठा हवा म्हणून सबंध भिंत कापणाऱ्यांचे पुढे दरवाजे अडकतात, ते यामुळेच.

कापण्याआधी कामगारांनी रेघेवरचा रंग खरवडून काढला. रंगाखाली जस्ताचा थर असतो. तापल्यावर त्याचा धूर होतो आणि तो श्वासात गेला की थंडी वाजून ताप भरतो. बंद पेटीत तर हा धोका अधिकच. दोन्ही दारे सताड उघडी ठेवूनच वेल्डरने काम केले.

छत त्याहून दुबळे. त्याची चाचणी ६० × ३० सेंटिमीटर जागेवर ३०० किलोग्रॅम ठेवून घेतात, म्हणजे वर चढलेली तीन-चार माणसे पेलावीत एवढ्यासाठी. हौसेने छतावर बाग करणाऱ्यांनी हिशेब करावा. क्षेत्रफळ १४.८ चौरस मीटर. ३० सेंटिमीटर ओली माती म्हणजे सुमारे ८ टन! रिकाम्या पेटीच्या वजनाच्या साडेतीन पट.

दुपारी आत उभे राहवेना. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५०, तर रॉकवूलची ०.०४ (वॅट प्रति मीटर प्रति अंश). जाडीला वाहकतेने भागले की उष्णतारोध मिळतो. दोन मिलिमीटर पत्र्याचा रोध ०.००००४, पाच सेंटिमीटर रॉकवूलचा १.२५. म्हणजे तीस हजार पटीहून जास्त! समजा, छत ६५ अंशांवर आहे आणि खोली ३५ वर. अस्तरातून दर चौरस मीटरला २४ वॅट आत येतील. सबंध छतातून साडेतीनशे. एक मोठा दिवा लावल्याइतके. मात्र अस्तर धरायला सुताराने लाकडी पट्ट्या वापरल्या, लोखंडी नव्हे. पत्र्यापासून आतल्या प्लायपर्यंत लोखंड गेले, की उष्णतेला पूलच मिळतो.

उन्हाचा त्रास लगेच कळतो, पाण्याचा उशिरा. कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर हवा मावते. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहते, म्हणजे एकूण ५६० ग्रॅम. त्यातले निम्मे आधीच हवेत असते. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे ताशी सुमारे ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोन माणसे दार-खिडकी लावून झोपली, तर साडेतीन तासांत हवा संपृक्त होईल. त्यात निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून त्यावर थेंब त्याआधीच जमतात. रॉकवूल बाष्प अडवत नाही. ते भिजले की त्याचा रोधही जातो. यासाठी खोलीच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद लावून सांधे चिकटपट्टीने बंद केले, आणि समोरासमोर दोन जाळ्या बसवल्या. या जाळ्या थंडीत बुजवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा.

संध्याकाळी वायरिंग. इथे चूक चालत नाही, कारण एका वायरचे आवरण पत्र्याच्या धारेवर कापले गेले, तर सगळे घरच विजेने भारले जाईल. म्हणून प्रत्येक भोकाला रबरी बुश, पेटीच्या सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच.

जमिनीचे काम दुसऱ्या दिवसावर गेले. कंटेनरच्या तळाचे प्लायवुड किडीपासून जपण्यासाठी कीटकनाशकात भिजवलेले असते. औषधाचे नाव आणि तारीख त्याच दारावरच्या पाटीवर सापडते. ते वाचून झाल्यावर प्लाय उचकटायचे, की त्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा, हे ठरणार होते.