गाडीखाली तेलाचा डाग दिसतोय? आधी गळती शोधा, मग खर्च करा

बीरगांवात राहत असाल तर उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ तुम्हाला नवी नाही. ती गच्चीवर बसते तशीच बॉनेटखालीही बसते. जुन्या मारुती ८०० च्या इंजिनातून जरासे तेल पाझरले, की त्यावर धुळीचा जाड थर चढतो आणि गळती नेमकी कुठे आहे हेच कळत नाही.

म्हणून आधी गार इंजिन स्वच्छ पुसून घ्या. गाडी थोडी फिरवून आणा आणि रात्री खाली पुठ्ठा पसरा. पण पुठ्ठ्यावरच्या डागावर फार विसंबू नका. तेल खाली ओघळते, धावत्या गाडीत वाऱ्याने मागेही सरकते. सर्वांत वरचा ओला भाग शोधा.

बऱ्याचदा टॅपेट कव्हरचे रबरी पॅकिंग कडक झालेले असते. हे स्वस्तातले काम. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, कव्हर वाकले तर गळती वाढेल. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून इंजिन ऑइल टपकत असेल, तर मागच्या ऑइल सीलचा संशय घ्या. सील स्वस्तच, पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी जड जाते. होकार देण्यापूर्वी ब्रीदरची नळी तपासायला सांगा. ती तुंबली की इंजिनात दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. गॅरेजमध्ये नेमके हेच राहून जाते!

तेल गरम सायलेन्सरवर पडून धूर येत असेल, तर गाडी काढू नका, आग लागू शकते. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून रेटलेले दोन किलोमीटर इंजिन जाम करायला पुरेसे असतात.